दोनशे सत्तर हात बाग : दहावीच्या गणित प्रकल्पाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

प्रकल्प चौघींनी मिळून करायचा आणि जानेवारीअखेर द्यायचा. मॅडमची अट एकच आहे. जे घरात किंवा गावात स्वतः जाऊन मोजता येईल तेच घ्यायचं, छापून आणलेलं काही चालणार नाही. सोबत रोजच्या कामाची वही ठेवायची. वही कुठल्या भाषेत, हे त्यांनी सांगितलं नाही. तक्ते हिंदीत होतील, पण ही वही मी मराठीत लिहिणार, कारण निम्मं मोजमाप आमच्या घरातच होणार आहे आणि आजीला ते वाचून दाखवायचं आहे.

विषयांची यादी नेहमीचीच निघाली: त्रिकोणमितीने उंची काढणे, वर्गाच्या गुणांचा आलेख, बँकेचं व्याज. मी म्हटलं, आपण ग्वाल्हेरात राहतो आणि किल्ल्यावरच्या, शून्य कोरलेल्या जुन्या शिलालेखापाशी गेल्याशिवाय गणिताचा प्रकल्प करतो, हे बरोबर नाही. लष्कर या आमच्या भागातून किल्ला रोज दिसतो. शाळेची सहल तिथे जाते ती मानमंदिर महाल आणि सासबहूची देवळं बघून परत येते. शिलालेख ज्या चतुर्भुज मंदिरात आहे तिथे गाडी थांबतच नाही.

तिघींना पटलं. पण एकीने विचारलं ते खरं आहे: शिलालेख पाहिला, फोटो काढला, मग पुढे गणित काय करायचं? याचं उत्तर तिथे गेल्यावरच मिळेल.

१७ नोव्हेंबर, रविवार

उरवाई दरवाज्याने गाडी थेट वर जाते, म्हणून सगळे तिकडूनच जातात. आम्ही किल्ला गेटकडून पायी चढलो. चतुर्भुज मंदिर या पूर्वेच्या चढाच्या कडेला, हाथी पोल दरवाज्याच्या खाली आहे. एकाच खडकात कोरलेलं, अगदी लहान. बरोबर बाबा होते. राखणदाराने दार उघडून दिलं आणि शिलालेख कुठे आहे ते बोटाने दाखवलं. रोज कोणीतरी विचारत असणार.

घरून तयारी करून गेलो होतो. हा लेख विक्रम संवत ९३३ चा. त्यातून ५७ वजा केले की इसवी सन ८७६. त्या वेळी इथे प्रतिहारांचं राज्य होतं आणि मंदिर बांधणारा अल्ल हा किल्ल्याचा रक्षक होता. लेखात मंदिराला दिलेल्या जमिनीचा हिशोब आहे. फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जागा, आणि देवासाठी रोज ५० माळा.

अक्षरं बारीक आहेत आणि आत उजेड कमी. मोबाइलचा दिवा तिरका धरला की कोरलेल्या रेघांत सावली पडते आणि अंक उठून दिसतात. २ आणि ७ ओळखायला वेळ लागला. शून्य शोधावं लागलं नाही. शेजारच्या अंकांपेक्षा लहान, गोल, आपण वहीत काढतो तसंच. मी बाराखडीबरोबर जे शून्य गिरवलं तेच इथे साडेअकराशे वर्षांपूर्वी कोणीतरी छिन्नीने काढलं आहे, हे बघून मी बराच वेळ तिथून हललेच नाही. मागे दुसरी माणसं उभी राहिली तेव्हा बाबांनी हाक मारली.

बाहेर येऊन पायरीवर बसून वहीत लिहिलं ते असं.

लोक म्हणतात, हे जगातलं पहिलं शून्य. तसं नाही आणि तसं म्हणायची गरजही नाही. कंबोडियात इसवी सन ६८३ चा एक शिलालेख सापडला आहे. त्यात ६०५ या शक वर्षातलं शून्य ठिपक्याने दाखवलं आहे. ब्रह्मगुप्ताने शून्याची बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम ६२८ मध्येच लिहिले, म्हणजे या भिंतीच्या २४८ वर्षं आधी. मग या शून्याचं विशेष काय? ते गणिताच्या ग्रंथात नाही, एका बागेच्या हिशोबात आहे. माळी, देऊळ आणि जमीन यांच्यातल्या कराराचा तो भाग आहे.

शून्य काढून टाका आणि जागा मोकळी सोडा. २७० चे २७ हात होतात आणि ५० माळांच्या ५. दगडात मोकळी जागा कोणी मोकळी म्हणून वाचेल याचा भरवसा काय? कोरणाऱ्याने तो गोल काढला म्हणून पुढच्या माळ्याला ‘आमच्या वाट्याला पाचच माळा आहेत’ असं म्हणता येणार नव्हतं.

पुस्तकात प्रत्येक धड्यात आधी सूत्र येतं आणि शेवटी ‘दैनंदिन जीवनातील उपयोग’ म्हणून चार उदाहरणं. इथे उपयोगच आधी आहे. आता विषय पक्का: अल्लाच्या बागेचा हिशोब तपासायचा.

२० नोव्हेंबर, बुधवार

हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. पुस्तकं साधारण १८ इंच धरतात. त्याप्रमाणे २७० हात म्हणजे ४०५ फूट आणि १८७ हात म्हणजे २८०.५ फूट. क्षेत्रफळ १,१३,६०२.५ चौरस फूट, मीटरमध्ये सुमारे १०,५५० चौरस मीटर. एक हेक्टरला थोडं जास्त, अडीच एकरांच्या वर. बाबा म्हणाले, आपल्याकडचे पाचेक बिघे. बिघ्यात सांगितल्यावर आजीला लगेच कळलं. “बरीच मोठी की गं बाग!” म्हणाली.

पण हात कोणाचा? जेवणं झाल्यावर सगळ्यांचे हात मोजले. आजीचा ४२ सेंटिमीटर, माझा ४३, आईचा ४३.५, बाबांचा ४७. आजीचा हात धरला तर बाग ८,९०६ चौरस मीटर येते, बाबांचा धरला तर ११,१५३.

बाबांचा हात आजीच्या हातापेक्षा १२ टक्क्यांनी मोठा. बाग मात्र २५ टक्क्यांनी मोठी झाली, कारण लांबीही हातात आणि रुंदीही हातात. १.१२ चा वर्ग १.२५ येतो. ‘मोजपट्टीतला फरक क्षेत्रफळात वर्गाने वाढतो’ हे वाक्य मी नववीत पाठ केलं होतं. आज जेवणाच्या टेबलावर त्या वाक्यातून दोन हजार चौरस मीटर जमीन निघाली. जमीन देणाऱ्याने आपल्या उंच माणसाचा हात धरला असता तर माळ्याला जास्त जागा मिळाली असती. म्हणूनच राजे मापाचा हात ठरवून देत असणार.

आम्ही ठरवलं की एकच आकडा लिहायचा नाही. ‘९ ते ११ हजार चौरस मीटर, १८ इंचांचा हात धरल्यास १०,५५०’ असं लिहायचं.

२४ नोव्हेंबर, रविवार

आता ५० माळा. रोज ५० माळांना किती फुलं लागतील आणि तेवढी या बागेत निघतील का?

अचलेश्वराच्या देवळाबाहेर फुलांच्या गाड्या असतात. मी एका फुलवालीला विचारलं, एका माळेत किती फुलं असतात. ती हसून म्हणाली, “फूल कौन गिनता है बिटिया, हाथ से नापते हैं. एक हाथ, दो हाथ.” आणि तिने माळ कोपरापासून बोटापर्यंत ताणून दाखवली. माप तेच, भिंतीवरचं! आमच्या चौघींपैकी कोणीच काही क्षण बोललं नाही. मग आम्ही तिच्याकडून दोन हातांची माळ घेतली आणि पायरीवर बसून फुलं मोजली. मोठ्या झेंडूची ३१ भरली.

इथे घरी आजीने एक गोष्ट मानायला नकार दिला. मी सांगितलं की अल्लाच्या माळेत झेंडू नसणार, कारण झेंडू मूळचा अमेरिका खंडातला आहे आणि तिकडची झाडं आपल्याकडे आली ती १५०० नंतर. आजी म्हणाली, झेंडूशिवाय दसरा कसा होत होता? मला हा प्रश्न फार आवडला, पण प्रकल्पात बसत नाही. ८७६ मध्ये कण्हेर असेल, जाई-जुई असेल, कमळ असेल. मोठ्या फुलांच्या माळेला ३० फुलं धरली तर रोज १,५०० लागतील. जुईसारखी बारीक फुलं दहापट लागतात असं धरलं तर १५,०००.

१०,५५० चौरस मीटरमध्ये १,५०० फुलं म्हणजे सात चौरस मीटरला रोज एक फूल. १५,००० धरली तरी एका चौरस मीटरला दीडपेक्षा कमी. कण्हेरीचं एक बरं वाढलेलं झुडूप बहरात असलं की याहून कितीतरी जास्त देतं. म्हणजे बाग गरजेपेक्षा खूप मोठी दिसते.

मग एवढी मोठी बाग का दिली? पुढे दोन दिवस मी याच प्रश्नावर होते.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

उत्तर मिळालं असं मला वाटतं, आणि ते सांख्यिकीच्या धड्यातच होतं.

आम्ही सगळे हिशोब सरासरीने करत होतो. वर्षाची फुलं भागिले ३६५. पण ‘रोज ५०’ ही सरासरी नाही. श्रावणात २०० माळांची फुलं आली आणि जेठात २० माळांची, तर सरासरी ५० च्या वर जाईल आणि तरीही जेठातल्या प्रत्येक दिवशी करार मोडेल. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि लू, म्हणजे गरम वारा, सुटली की कुंडीतली रोपं दुपारी मान टाकतात. बागेचा आकार ठरवायचा तर त्या दिवसावर ठरवावा लागतो, सर्वांत वाईट दिवसावर. लागणारा आकडा मध्य नाही, किमान आहे.

धड्यात मध्य, मध्यक, बहुलक शिकवतात. किमान मूल्य फक्त विस्तार काढायला वापरतात आणि सोडून देतात. पण जिथे कोणी रोजचा शब्द दिलेला असतो तिथे किमानच महत्त्वाचं. नळाला पाणी दिवसाला सरासरी किती येतं याला आईच्या दृष्टीने अर्थ नाही. उन्हाळ्यातल्या सर्वांत कोरड्या दिवशी किती येतं त्यावर आमच्या टाकीचा आकार ठरला आहे. शेजारच्या काकूंकडे घरगुती डबे असतात. त्या पीठ भिजवतात ते सरासरी डब्यांवर नाही. मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, “पाहुणे धरून भिजवते.” हेही किमान-कमालाचंच गणित आहे आणि त्या ते रोज सकाळी सहा वाजता करतात.

अल्लाच्या काळी हा हिशोब कोणी आणि कसा केला हे लेखात लिहिलेलं नाही. पण सात चौरस मीटरला एक फूल एवढी सैल बाग मला उधळेपणाची वाटत नाही. जेठातल्या दिवसाची तरतूद वाटते.

१ डिसेंबर, रविवार

मॅडमनी त्रिकोणमितीही घ्यायला सांगितली, म्हणून किल्ल्यावरचंच तेली का मंदिर घेतलं. सुमारे ३० मीटर उंच, किल्ल्यावरच्या देवळांत सर्वांत उंच. याचा माथा टोकदार शिखराचा नाही, लांबट छपरासारखा आहे, त्यामुळे माथ्याची कड नीट दिसते आणि कोन घ्यायला सोपं जातं.

कोनमापक घरी केला: अर्धवर्तुळाकार कोनमापक, त्याच्या सरळ कडेला चिकटवलेली शीतपेयाची नळी, मध्यबिंदूपासून सोडलेला दोरा आणि दोऱ्याला नट. नळीतून माथा बघायचा, दुसरीने दोरा ९० पासून किती अंश सरकला ते वाचायचं. वाऱ्याने दोरा हलतो. नट मोठा लावला की कमी हलतो.

माथ्याच्या बरोबर खालचा बिंदू देवळाच्या आत आहे, तिथून टेप लावता येत नाही. दोन मार्ग होते. पहिला, पुस्तकातला: दोन ठिकाणांहून कोन घ्यायचे, मधलं अंतर मोजायचं, तळापर्यंत जायची गरजच नाही. दुसरा, साधा: भिंतीपर्यंतचं अंतर मोजायचं आणि देवळाच्या रुंदीचा अर्धा भाग त्यात मिळवायचा.

दोन्ही केले. साध्या मार्गाने अंतर ३४.५ मीटर. चौघींनी आळीपाळीने कोन वाचला: ३९, ४०, ४०, ४२. मध्यक ४०. tan ४० = ०.८३९, म्हणून ३४.५ × ०.८३९ = २८.९५. त्यात डोळ्याची उंची १.४५ मिळवली की ३०.४ मीटर.

मग सरळ मागे २० मीटर जाऊन पुन्हा कोन घेतला, मध्यक २८. दोन कोनांच्या सूत्राने २९.० अधिक १.४५, म्हणजे ३०.५. दोन्ही उत्तरं जुळली. तिघी टाळ्या वाजवू लागल्या आणि एक पर्यटक आमचा फोटो काढून गेला.

५ डिसेंबर, गुरुवार

उत्तर जुळलं एवढ्याने माझं समाधान होत नव्हतं. चौघींच्या वाचनात तीन अंशांचा फरक होता. मध्यक घेतला म्हणून तो फरक कुठे जात नाही. म्हणून आज बसून तक्ता केला: कोन एका अंशाने इकडे किंवा तिकडे असता तर?

साध्या मार्गात ३९ धरला तर उंची २९.४, ४१ धरला तर ३१.४. एक अंशाला एक मीटर.

पुस्तकातल्या मार्गात जवळचा कोन ४० तसाच ठेवला आणि लांबचा २७ धरला तर २७.४ मीटर. २९ धरला तर ३४.१. एका अंशाला साडेतीन मीटर! आणि त्यात जवळचा कोनही हलला तर आणखी वाढेल. कारण त्या सूत्रात दोन कोटिस्पर्शिकांची (cot, म्हणजे १ भागिले tan) वजाबाकी भागाकाराच्या खाली आहे. १.८८ मधून १.१९ वजा केले की ०.६९ उरतात. त्या दोन संख्यांत थोडासा फरक पडला तरी त्या उरलेल्या लहान संख्येच्या मानाने तो मोठा असतो.

म्हणजे जो मार्ग पुस्तकात जास्त हुशारीचा दिसतो तो आमच्या दोऱ्या-नटाच्या यंत्राला पेलत नाही. नदीपलीकडचा मनोरा असेल तर तोच वापरावा लागेल, इलाज नाही. पण जिथे टेप पोचते तिथे टेप लावावी.

आणखी एक गोष्ट तक्त्यातून दिसली. उभं कुठे राहावं? कोन २० च्या आसपास असेल, म्हणजे खूप लांब उभं राहिलं, तर एका अंशाने उत्तर साडेपाच टक्के बदलतं. ७० च्या आसपास, अगदी जवळ, तर पावणेसहा टक्के. ४५ ला साडेतीन टक्के, सर्वांत कमी. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, tan च्या कोष्टकात शेजारशेजारच्या ओळी बघताना सापडलं. म्हणजे मापायच्या वस्तूपासून साधारण तिच्या उंचीइतक्याच अंतरावर उभं राहावं. आम्ही ३४.५ वर होतो. ठीक होतो.

प्रकल्पात ‘३०.४ मीटर’ असं लिहायचं नाही, ‘३०.४, एक मीटर इकडे-तिकडे’ असं लिहायचं यावर वाद झाला. एकीचं म्हणणं, परीक्षक म्हणतील यांना उत्तर येत नाही. मी ऐकलं नाही. एक मीटरचा फरक हा उत्तराचाच भाग आहे.

डिसेंबरचा बाकीचा महिना पूर्वपरीक्षेत गेला. वहीला हात लावला नाही.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार, संक्रांत

आजीने हळदीकुंकवाची रांगोळी अंगणात घातली. ‘अकरा ते सहा’ ठिपक्यांची: मधली ओळ अकराची, वर-खाली एकेक कमी होत सहापर्यंत, प्रत्येक ठिपका वरच्या दोघांच्या मधे. मी न मोजता म्हटलं ९१, आजीने मोजले, ९१.

एक ठिपका, त्याभोवती ६, त्याभोवती १२, मग १८, २४, ३०. अंकगणिती श्रेढीच आहे. १ अधिक ६ × (१+२+३+४+५), म्हणजे १ अधिक ९०. आजी दुसरीही एक घालते, अकरा ते एक, दोनदोनने कमी होणारी, चौकटीच्या आकाराची. तिचे ६१. आणि ‘नऊ ते पाच’ या मधल्या ठिपक्यांच्या रांगोळीचेही ६१ च. आकार सर्वस्वी निराळा, ठिपके तेवढेच. आजीला हे माहीत नव्हतं आणि तिला ते इतकं आवडलं की उद्या दोन्ही शेजारीशेजारी घालणार आहे.

१९ जानेवारी, रविवार

मेळा. ग्वाल्हेरचा व्यापार मेळा १९०५ पासून भरतो आणि आमच्या घरी जानेवारीत एकदा तरी जाणं ठरलेलंच. पापड, चाट, पाळणे हे सगळं झालं, पण या वेळी आईला स्कूटर बघायची होती. मेळ्यात घेतलेल्या गाडीवर या वर्षीही रोड टॅक्समध्ये निम्मी सूट होती, म्हणून गावातले लोक गाडीची खरेदी मेळ्यासाठी थांबवून ठेवतात.

एका दालनात ६०,००० रुपये कर्जाची बोली झाली. विक्रेता म्हणाला, दहा टक्के, तीन वर्षं, हप्ता २,१६७. आईने विचारलं, “दहा टक्के कशावर?” तो म्हणाला, फ्लॅट. आईने कागदावर लिहून घेतलं आणि आम्ही घरी आलो.

रात्री हिशोब मांडला. फ्लॅट म्हणजे पूर्ण साठ हजारांवर पूर्ण तीन वर्षं व्याज. ६,००० गुणिले ३, म्हणजे १८,०००. एकूण ७८,०००, भागिले ३६, म्हणून २,१६७. पण दर महिन्याला मुद्दल परत जात असतं. शेवटच्या वर्षी आपल्याकडे त्यांचे साठ हजार नसतातच, तरी व्याज साठ हजारांवर चालू.

उरलेल्या मुद्दलावर दहा टक्के लावले तर? दर महिन्याला समान मुद्दल फेडलं असं धरू, ६०,००० भागिले ३६, म्हणजे १,६६७. पहिल्या महिन्याचं व्याज ५००. पुढे दर महिन्याला १३.८९ ने कमी. ३६ पदं, शेवटचं १३.८९. बेरीज: १८ × (५०० + १३.८९) = ९,२५०. दहावीची श्रेढी, पाच ओळींत. हप्ते समान ठेवले तर व्याज ९,७०० च्या आसपास येतं. दर तोच, ‘दहा टक्के’, आणि फरक ८,३०० रुपयांचा.

मग उलटं करून बघितलं. २,१६७ चा हप्ता कुठल्या खऱ्या दराने येतो? संगणकावर महिन्यामहिन्याचा तक्ता केला: उरलेलं मुद्दल, त्यावर व्याज, त्यातून हप्ता वजा. महिना दीड टक्का धरला तर छत्तिसाव्या महिन्याअखेर फक्त शंभराच्या आसपास रुपये उरतात. म्हणजे खरा दर वर्षाला १८ टक्क्यांच्या अगदी जवळ, किंचित खाली. दहा म्हणून सांगितलेला दर अठरा निघाला. विक्रेत्याने खोटं काही सांगितलं नव्हतं. आईने विचारलं तेव्हा त्याने सरळ ‘फ्लॅट’ म्हटलं. ते विचारायचं कोणाला सुचतं एवढाच प्रश्न आहे.

रोड टॅक्स समजा ६,००० असेल तर सूट ३,००० ची. ती घेण्यासाठी ८,३०० जास्तीचं व्याज भरणं परवडत नाही. आईने ठरवलं की सूट घ्यायची, पण कर्ज उरलेल्या मुद्दलावर व्याज लावणाऱ्याकडूनच घ्यायचं आणि आधी हातात असलेले पैसे जास्त भरायचे. बाबांनी हिशोब दोनदा तपासला. मला या प्रकल्पातलं हे पान सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण याने आमच्या घरचे पैसे वाचले.

बागेच्या हातापाशी, मंदिराच्या कोनापाशी आणि आता कर्जापाशी, तिन्ही ठिकाणी आकडा समोरच होता. पुढचा प्रश्न विचारायचा राहिला होता: हात कोणाचा, किती इकडे-तिकडे, टक्के कशावर. परीक्षेच्या प्रश्नात हे सगळं आधीच ठरवून दिलेलं असतं, म्हणून तिथे आम्हाला ते विचारायची सवय लागत नाही. मॅडमना हे सांगायचं आहे. पेपरात एखादा तरी प्रश्न असा असावा ज्यात माहिती कमी दिलेली आहे आणि काय कमी आहे ते आधी लिहायचं आहे. त्याला गुण असावेत.

२८ जानेवारी, मंगळवार

सादरीकरण झालं. बागेला सर्वांत जास्त वेळ दिला. वर्गातल्या सगळ्यांनी आपापला हात मोजून फळ्यावर लिहिला, सर्वांत लहान ३९, सर्वांत मोठा ४९. ३९ ने आणि ४९ ने बाग काढल्यावर ७,६८० आणि १२,१२३ चौरस मीटर आली. वर्गात गलका झाला. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, “जमीन द्यायची तर छोट्या हाताने, घ्यायची तर मोठ्या!”

मॅडमनी दोन गोष्टी विचारल्या. तेली मंदिराच्या उंचीत एक मीटरचा फरक का ठेवला, याचं उत्तर तक्ता दाखवून दिलं आणि त्यांनी मान डोलावली. दुसरं: उन्हाळ्यात फुलं कमी येतात हे तुम्ही म्हणता, पण किती कमी, हे मोजलं का? मोजलेलं नाही. नोव्हेंबर ते जानेवारीत ते मोजता येणारच नव्हतं.

कमी माहितीच्या प्रश्नाबद्दल मी त्यांना बोलले. त्या म्हणाल्या, मार्चनंतर नववीच्या एका चाचणीत घालून बघू, प्रश्न तुम्ही चौघींनी काढून द्या. स्कूटरच्या कर्जावर एक आणि बागेवर एक असे दोन काढायचं ठरलं आहे.

आमच्या कॉलनीच्या कुंपणाला कण्हेर आहे. बोर्डाची परीक्षा संपली की एप्रिलपासून त्यातले दोन चौरस मीटर सुतळीने आखून घेणार आहोत आणि रोज सकाळी उमललेली फुलं मोजणार आहोत, जूनमध्ये पाऊस येईपर्यंत. वहीची उरलेली पानं त्यासाठी आखून ठेवली आहेत: तारीख, कमाल तापमान, फुलं. सकाळची पाळी कोणाची कधी, तेही त्याच पानाच्या समासात लिहिलं आहे.